गंजाचे तीन ठिपके

बायको गोड बोलायला लागली आणि धनाजी परटाच्या मनात पाल चुकचुकली.

करंजवडे मध्यवर्ती कारागृहात त्याचं हे सहावं वर्ष होतं. दर रविवारी सकाळी वीस मिनिटं त्याला ‘स्नेहसेतू’च्या काचेच्या खोलीत बसायला मिळायचं. समोर पडदा, पडद्यावर आंबेघोळ गावातलं त्याचं घर आणि घरात वैजयंता. पूर्वी कैद्यांचे नातेवाईक तीन-तीन एसट्या बदलून यायचे आणि जाळीपलीकडे उभे राहून घसा फुटेस्तोवर ओरडायचे. आता सरकारने प्रत्येक कैद्याच्या घरी भिंतीवर एक खोकं बसवून दिलं होतं. वेळ झाली की ते आपलं आपण सुरू व्हायचं. एसटी नाही, धूळ नाही, आणि पहारेकऱ्यालाही काम नाही. सगळे खूश होते.

“जेवलात का?” वैजयंताने विचारलं.

“जेवलो.”

“तब्येतीला जपा. इकडची काळजी करू नका. मी तुमची वाट बघते.”

धनाजी तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण ‘काळजी करू नका’ हे शब्द त्याने तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. वैजयंताची माया नव्हती असं नाही, पण ती शिव्यांच्या वाटेने यायची. इस्त्रीची एक घडी वाकडी पडली की सगळ्या गल्लीला समजायचं. निकाल लागला त्या दिवशी कोर्टाच्या आवारात, पोलिसांच्या देखत ती त्याच्यावर खेकसली होती, “आता कशाला रडतासा? डोस्कं जाग्यावर ठेवलं असतंसा तर ही पाळी आली असती व्हय?” त्या एका वाक्यावर त्याने पहिली दोन वर्षं काढली होती.

गुन्हा घडला तो नदीच्या घाटावर, धुण्याच्या जागेवरून. मारुती खोताशी बाचाबाची झाली, धनाजीने त्याला ढकललं, मारुतीचं डोकं धुण्याच्या दगडावर आपटलं आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. वकिलाने पढवल्याप्रमाणे “झटापटीत धक्का लागला” असं धनाजीने कोर्टात सांगितलं. दहा वर्षांची शिक्षा झाली. खरं काय घडलं, हे वैजयंताने त्याला कधीच विचारलं नव्हतं, आणि त्याबद्दल तो मनातून तिचे उपकार मानायचा.

आता पहिल्यांदाच त्याची फर्लो, म्हणजे एकवीस दिवसांची रजा, मंजूर व्हायची चिन्हं होती. अट एकच, घरच्या माणसाने जामीन राहायला हवं. पडद्यावरची वैजयंता चार महिने “राहते की” म्हणत होती. पण ही खरंच वैजयंता आहे का? तिला आपण घरी यायला हवे आहोत का? एवढं एक खात्रीने कळल्याशिवाय त्याचं पाऊल उचलणार नव्हतं.

कारागृहात सुधारणेचे कार्यक्रम भरपूर होते. बेकरी, सुतारकाम, संगणकाचा वर्ग, ध्यानाचा वर्ग. धनाजीला कुठे घालावं यावर मात्र कुणी फार डोकं खाजवलं नव्हतं. आडनाव परीट, म्हणून धुलाई विभाग. जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या चादरी तिथे यायच्या. फाटलेल्या चादरी बाबाजान नावाचा सत्तरीचा म्हातारा नीट करायचा. बाहेर असताना तो रफूगार होता, आणि अजूनही त्याने बुजवलेलं भोक शोधून सापडत नसे.

“बायको ग्वाड बोलती म्हणून कुरकुरणारा नवरा मी जिंदगीत पहिल्यांदा बगतोय,” बाबाजान म्हणाला.

“ती ती न्हवंच, चाचा. कोनीतरी, न्हाईतर त्या खोक्यातल्या यंत्रानंच, तिचं सोंग घेतलंय.”

“मग सोंगाला असं कायतरी इचार, जे तू त्या काचंच्या खोलीत कदी बोलला न्हाईस. यंत्राला ऐकल्याबिगर कसं ठावं असंल?”

धनाजीला ते पटलं. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गावाचे कपडे धुतले जात. कुठला सदरा कुणाचा हे कळावं म्हणून प्रत्येक घराची एक खूण असे आणि ती बिब्ब्याच्या काळ्या रसाने कापडाच्या कोपऱ्यात घालत. बिब्ब्याची खूण धुतल्याने जात नाही. धुणं धनाजीचं आणि खुणा घालणं वैजयंताचं अशी त्यांच्यात वाटणी होती. गावातल्या एकशे सोळा घरांच्या खुणा तिला तोंडपाठ होत्या.

पुढच्या रविवारी त्याने इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, “वैजंता, आपल्या हेडमास्तरांच्या घरची खूण काय गं? आठवंना झालंय.”

ती जराशी थांबली. मग म्हणाली, “उभी रेघ आणि दोन ठिपके.”

हेडमास्तरांची खूण म्हणजे चुलीच्या दगडांसारखे तीन ठिपके. रेघ नाहीच. ही चूक वैजयंताच्या हातून झोपेतसुद्धा झाली नसती. एरवी तो तिथल्या तिथे उसळला असता. पण चोराला सावध कशाला करायचं, असा विचार करून त्याने साळसूदपणे मान हलवली.

“व्हय, बरोबर. आठवलं.”

वैजयंता त्याच्याकडे बघत राहिली. क्षणभर तिचा चेहरा दगडासारखा झाला. मग तिथे एकदम हसू आलं आणि ती म्हणाली, “तब्येतीला जपा.”

सोमवारी तो समुपदेशक कानडे मॅडमच्या दारात उभा राहिला. मॅडम तिशीच्या, बोलायला मऊ, पण त्यांची वही सतत उघडी असायची.

“माझी बायकू कुठं हाय?” त्याने सरळ विचारलं.

मॅडमनी त्याला बसवलं. “तुमचं गाव डोंगरात आहे ना? चित्र आणि आवाज हवेतून येतात ते बारीक तुकडे होऊन. वाटेत काही तुकडे गळतात. पूर्वी चित्र गोठायचं, आवाज तुटायचा, माणसं चिडायची आणि तोच राग बराकीत निघायचा. म्हणून ‘पूरक’ नावाचं यंत्र मध्ये बसवलं. त्याने तुमच्या मंडळींचा चेहरा आणि आवाज कित्येक तास पाहिलाय, ऐकलाय. एखादा तुकडा गळला की तिथे काय असायला हवं होतं याचा अंदाज बांधून ते यंत्र तो भरून काढतं. अर्धा सेकंद, एक सेकंद. तुम्हाला जोड दिसतही नाही.”

“रफू,” धनाजी म्हणाला.

“हो, तसंच.”

“भोक मोठं असलं तर?”

“तर रफू मोठं.”

“आन कापडच आलं न्हाई तर?”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. “सरासरी चार टक्केच भरलेलं असतं.”

“आमच्या गावाचं किती?”

“गावनिहाय आकडे कंपनीकडे असतात. आम्हाला ते दिसत नाहीत.”

“पर ते ग्वाडच का बोलतंय?”

यावर मात्र मॅडम मोकळेपणाने बोलल्या. कैद्याच्या मनगटावरचा पट्टा नाडी मोजतो, झोप मोजतो. ज्या संवादानंतर कैदी शांत झोपला, भांडला नाही, तो संवाद यंत्राच्या हिशेबी चांगला. लाखभर संवाद झाल्यावर यंत्राला कळलं की कोणते शब्द भरले म्हणजे माणूस शांत राहतो. “त्याला कुणी गोड बोलायला शिकवलं नाही. ते आपलं आपण शिकलं. आणि बराकीतली भांडणं निम्म्यावर आली, हे तुम्हीही पाहिलंय.”

ते खरं होतं. म्हणूनच धनाजीला जास्त भीती वाटली. तीनशे माणसं बराकीत शांत झोपत होती, आणि कुणाला कुणी काय म्हटलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

“मला जाळीतली मुलाखत द्या. समोरासमोर.”

“अर्ज करा. तीन महिने लागतात. तुमच्या रजेची संमती दीड महिन्यात आहे, पडद्यावरच. आणि धनाजी, एक सांगते. ही तक्रार मी लिहून घेतली तर ‘संशयी प्रवृत्ती’ म्हणून नोंद होईल. रजा पुढे जाईल. लिहू?”

धनाजी उठला. कैदेत सहा वर्षं काढलेल्या माणसाला मदत कोणती आणि दम कोणता हे बरोबर कळतं.

त्या रविवारी त्याने पडद्यावर एवढंच मागितलं, “एक पंचा धाडून दे. जुना विरलाय.” घरून वर्षातून दोनदा पंचा-बनियन मागवायची मुभा होती. कापडाचं रफू करता आलं तरी टपालातून येणारं आख्खं कापड यंत्राला कुठून विणता येणार, असा त्याचा होरा होता.

सोळा दिवसांनी पुडकं आलं. पहारेकऱ्याने पंचा झटकून, उजेडात धरून त्याच्या अंगावर फेकला. धनाजीने आधी कोपरा पाहिला. तिथे बिब्ब्याने एक गोल काढला होता. पोकळ गोल, आत काही नाही.

तो चादरींच्या ढिगावर मटकन बसला.

“काय झालं? कुनाची खूण हाय?” बाबाजानने विचारलं.

“कुनाचीच न्हाई.”

धनाजीच्या आजोबांपासून त्यांच्या घरात रीत होती. एखाद्या कापडाचा मालक ओळखू येईनासा झाला, की त्यावर पोकळ गोल घालून ते वेगळ्या गाठोड्यात ठेवायचं. कुणी ‘माझंच आहे’ म्हणत आला तरी द्यायचं नाही. मालकाने घरी येऊन ओळख पटवली तरच ते गाठोडं सुटायचं. वैजयंताने नवऱ्याला त्या गाठोड्यात टाकलं होतं.

हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. रफू काय एकाच बाजूने होतं? तिच्या भिंतीवरच्या खोक्यातही कुणीतरी धनाजी बोलत होता, आणि तोही असाच गोड बोलत असणार. तिलाही शंका आली होती. त्याने खुणेचा प्रश्न टाकला तेव्हा तिने उलटा सापळा लावला आणि मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. खरा धनाजी असता तर खूण चुकल्यावर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. आणि आपण अतिशहाणे, ‘व्हय, बरोबर’ म्हणून मोकळे झालो! त्या एका ‘बरोबर’ने आपण तिच्या लेखी यंत्र झालो. धनाजीने कपाळावर हात मारून घेतला.

आता पडद्यावर कितीही ओरडला असता तरी पलीकडे काय पोचेल याचा भरवसा नव्हता. कापडाला कापडानेच उत्तर द्यायला हवं होतं. सुदैवाने कारागृहाचा एक नियम त्याच्या मदतीला आला. कैद्याजवळ दोनच पंचे असावेत, नवा आत आला की जुना घरी परत जायलाच हवा.

बिब्बा कैदेत मिळणं शक्य नव्हतं. चादरींवर खुणा करायची शाईची पेनं सकाळी मोजून द्यायचे, संध्याकाळी मोजून घ्यायचे. पण बॉयलरमागे गंजलेले खिळे पडलेले होते. गंजाचा डाग म्हणजे परटाचा जन्माचा वैरी, एकदा बसला की साबण, सोडा, ऊन कशालाच दाद देत नाही. जे टाळायला तो आयुष्यभर धडपडला तेच त्याने हाताने केलं. जुना पंचा मिठाच्या पाण्यात भिजवला, कोपऱ्यात तीन खिळ्यांची डोकी चुलीच्या दगडांसारखी मांडली, वरून घडी घातली आणि ओल्या चादरींच्या ढिगाखाली तीन दिवस दाबून ठेवला. उलगडल्यावर तांबूस काळे तीन ठिपके उठले होते. पहारेकऱ्याने बघितलं आणि ‘जुनं फडकं’ म्हणून पुडक्यावर शिक्का मारला.

पुढचे दोन रविवार वैजयंता पडद्यावर गोडच बोलली. पंच्याचा विषय नाही. धनाजीनेही काढला नाही. दोघं एकमेकांकडे बघत बसले, आणि मधला वेळ यंत्राने भरला असेल तर असेल.

संमतीचा दिवस मंगळवार. तुरुंगाधिकारी बिरांजे साहेबांच्या खोलीत पडदा लावला होता. साहेब पस्तीस वर्षं नोकरी केलेले, दोन महिन्यांत निवृत्त होणारे. कानडे मॅडम वही घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. अकराला पडदा उजळला. वैजयंता नीट विंचरलेल्या काळ्याभोर केसांनी समोर आली.

“मी वैजयंता धनाजी परीट. यांच्यासाठी मी जामीन राहायला तयार आहे. ते घरी आले की मला आनंद होईल.”

पडद्याच्या कडेला हिरवी अक्षरं उमटली, ‘संमती नोंदली’. साहेबांनी सहीसाठी पेन उचललं.

“साहेब, थांबा,” धनाजी म्हणाला. “ही संमती मला नको.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दोनदा नाकारलेली रजा पदरात पडतेय.”

“मला हिनं बोलवलेलं न्हाई. माझ्या बायकूनं अजून हो म्हटलेलं न्हाई. तिनं न्हाई म्हटलं तरी चालंल. चार वर्षं आत काढीन. पर तिनं म्हणाय पायजे.”

कानडे मॅडमचं पेन वहीवर टेकलं. ते काय लिहिणार हे धनाजीला माहीत होतं. तेवढ्यात टेबलावरचा फाटकाचा फोन वाजला. साहेबांनी तो कानाला लावला, भुवया वर गेल्या. “कोण? परत सांग.” त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर वैजयंता हसत होती. “जामीनदार म्हणते? प्रत्यक्ष सही करायची म्हणते?”

त्यांनी फोन ठेवला. मग म्हणाले, “जामीनदार स्वतः सहीला आला तर त्याला फाटकावरून परत पाठवायचं नाही, असा जुना नियम आहे. तो कुणी काढलेला नाही. निदान मला तरी माहीत नाही. चला.”

जाळीची खोली व्हरांड्यापलीकडे होती. कित्येक महिन्यांत तिचं कुलूप निघालं नव्हतं. जाळीपलीकडे वैजयंता उभी होती. कानशिलावरचे केस पांढरे झालेले, गालाची हाडं वर आलेली. पडद्याने यातलं काहीच दाखवलं नव्हतं. हातात पंचा होता.

“ही काय अक्कल म्हणायची?” तिने सुरुवातच तिथून केली. “चांगल्या कापडावर गंज? परटाच्या पोटाला आलासा का कुनाच्या?”

धनाजीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सहा वर्षांत कुणी त्याच्याशी इतकं मायेने बोललं नव्हतं.

“बिब्बा गावला न्हाई,” तो कसंबसं म्हणाला.

“तीन ठिपके ठावं हुतं, तर त्या दिशी ‘बरोबर’ कशाला म्हणालासा?”

“तू चुकीचं कशाला सांगिटलंस?”

“बगाया. दिवाळीपासनं लई शाण्यावाणी बोलत हुतासा. मला म्हणायचासा, ‘तुझ्या कष्टांची मला जाणीव आहे.’ ह्यो कोन उपटला म्हटलं.” ती थांबली. आवाज खाली आला. “शिमग्याच्या टायमाला मी तुमाला एक इचारलं हुतं.”

“काय?”

“म्हंजे पोचलंच न्हाई.” तिने जाळीत बोटं अडकवली. “मारुतीला तुमी जाणून ढकललंसा का, असं इचारलं हुतं.”

धनाजी जाळीच्या आणखी जवळ आला. “मी काय म्हणालो?”

“म्हणालासा, ‘जे घडलं त्याचा मला मनापासून पश्चात्ताप होतोय.’ कीर्तनकारावाणी. मी म्हटलं, सहा वर्षांनी धीर करून एक गोष्ट इचारली, आन उत्तर दुसऱ्याच कुनी दिलं. आता तुमी सांगा.”

‘झटापटीत धक्का लागला’ हे वाक्य जिभेवर तयारच होतं. शंभरदा म्हणून गुळगुळीत झालेलं. पाठीमागे साहेब फॉर्म धरून उभे होते, मॅडमची वही उघडी होती. खरं बोललं तर रजा जाईल, आणि कदाचित हीही जाईल. त्याने तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

“जाणून ढकललं,” तो म्हणाला. “दोन्ही हातानं. मरंल असं वाटलं न्हवतं. पर ढकलताना मला दगूड दिसत हुता.”

वैजयंता रडली नाही की ओरडली नाही. तिने पंच्याची घडी घातली, तो पिशवीत ठेवला आणि तळहात पुढे केला.

“फारम द्या हिकडं, साहेब.”

“बाई, ऐकलंत ना तो काय म्हणाला?”

“ऐकलं. आता वळखलं.”

मॅडमनी वही मिटली. साहेबांनी जाळीखालच्या फटीतून कागद सरकवला आणि वैजयंता एकेक अक्षर दाबून सही करू लागली. व्हरांड्यापलीकडून आवाज येत होता, ‘तब्येतीला जपा. मी तुमची वाट बघते.’ पडदा बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. वैजयंताचं पेन थांबलं.

“ती कोन बोलतीया?”

“तूच,” धनाजी म्हणाला. “खोक्यातली.”

तिने मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं. “मी आन असं कवा बोलले?”

“कदीच न्हाई.”

तिने सही पुरी केली आणि कागद परत सरकवला. “मारुतीची आई रोज माझ्या दारावरनं पाण्याला जाती. सहा वर्षं मला तिच्या तोंडाकडं बगाय हुईना झालंय. आत्ता मला सांगिटलं तसं तिला सांगाय येतासा, म्हणून सही केली. एसटीतनं उतरलासा की पयलं तिच्या दारात जायाचं. ती काय म्हणंल ते ऐकून घ्यायचं. मग घरी.”